ट्रॅकवरच्या मोटारींचा गिअरबॉक्स : मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेताना वेगाप्रमाणे दंतचक्रांचे गुणोत्तर बदलणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स. पुस्तकी मराठीत तिला दंतचक्रपेटी म्हणतात. गॅरेजमध्ये हा शब्द कोणी वापरत नाही. चालक डाव्या पायाने क्लच दाबून हाताने गिअर टाकतो ती पेटी मॅन्युअल, आणि क्लचचे काम यंत्रणेकडे असते ती ऑटोमॅटिक. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत दुसरा शब्द जरा फसवा आहे. त्याच्या पोटात किमान तीन वेगळी यंत्रे येतात, आणि ट्रॅकवर त्या तिन्हींत गिअर कधी बदलायचा हे बहुतेक वेळा चालकच स्टिअरिंगमागच्या पॅडलने ठरवतो. क्लच कोणी सांभाळायचा, एवढाच फरक मग उरतो. वाद मात्र त्याच एवढ्याशा फरकावरून आहे.

घड्याळापुरता तो कधीच मिटला. एकाच गाडीचे दोन अवतार शेजारी ठेवले की पुरते. २०२१ साली आलेली पोर्शे ९११ जीटी३ ही ५१० अश्वशक्तीची गाडी सात गिअरांच्या दुहेरी क्लच ऑटोमॅटिक पेटीसह शून्यापासून १०० किमी वेग ३.४ सेकंदांत गाठते, सहा गिअरांच्या मॅन्युअलसह ३.९ सेकंदांत. मॅन्युअल गाडी १,४१८ किलोची, दुसरी १,४३५ किलोची. मॅन्युअलचा कमाल वेगही ताशी २ किमी जास्त, ३२०. म्हणजे हलकी असूनही ती मागे पडते, कारण प्रत्येक गिअर बदलताना क्लच दाबलेला असेपर्यंत इंजिन आणि चाके यांची फारकत झालेली असते. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर. सराईत चालकाने गिअर बदलायला ०.३ सेकंद घेतला, तरी गाडी तेवढ्यात १५ मीटर नुसतीच पुढे घरंगळते. एका फेरीत असे किती वेळा होते ते ट्रॅकच्या आखणीवर अवलंबून असते, पण बेरीज नेहमी एकाच बाजूला जाते.

एका वळणापाशी

सरळ पट्टा संपतो आहे, गाडी पाचव्या गिअरमध्ये आहे, पुढे तिसऱ्यात घेण्याजोगे वळण आहे. मॅन्युअल गाडीत पुढच्या दोन-तीन सेकंदांत दोन पायांना तीन पेडल सांभाळायची असतात. उजव्या पावलाचा चवडा ब्रेकवर जोर धरून असतो. तो जोर तसूभरही न हलवता त्याच पावलाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारते. डावा पाय क्लचवर, डावा किंवा उजवा हात (स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे त्याप्रमाणे) दांडीवर. इंग्रजीत याला हील अँड टो म्हणतात, पण टाच आणि बोटे अशी वाटणी आता फारसे कोणी करत नाही. पेडल इतकी जवळ बसवलेली असतात की पाऊल नुसते कलते केले तरी भागते.

ही टिचकी कशासाठी? त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जास्त असावे लागतात. ते आधी वाढवून न ठेवता क्लच सोडला, तर इंजिनाला पळवण्याचे काम चाकांवर येऊन पडते. मागची चाके क्षणभर अडतात, आणि ब्रेकमुळे वजन आधीच पुढे गेलेले असल्याने गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. मराठी वाचकाला याचे चुलत भावंड ओळखीचे असेल: घाटात जुन्या ट्रकचा चालक मारतो तो डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. तिथे धडपड असते दंतचक्रांचे दात खर्रकन न घासता एकमेकांत बसावेत म्हणून. कॅडिलॅकने १९२८ मध्ये दंतचक्रांचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा आणल्यावर मोटारींत ती गरज हळूहळू संपली. इंजिन आणि चाके यांचा मेळ घालण्याची गरज मात्र राहिली. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्याकडचा जुना नियमही इंजिनाने गाडी धरून ठेवण्याच्या याच तत्त्वावर उभा आहे.

पॅडलच्या गाडीत हेच वळण असे घेतले जाते: ब्रेक दाबा, डावे पॅडल दोनदा ओढा. टिचकी संगणक मारतो, दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहतात, आणि रिकामा झालेला डावा पाय हवा तर ब्रेकला लावता येतो. वेग फार असेल तर संगणक खालचा गिअर द्यायला सरळ नकार देतो. हा नकार फार मोलाचा आहे. मॅन्युअलमध्ये तिसऱ्यातून चौथ्यात जाताना घाईत हात आडवा गेला आणि दुसरा गिअर पडला, तर इंजिनाचे फेरे मर्यादेच्या कुठल्या कुठे जातात. फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर इथे कामाला येत नाही. तो इंधन तोडू शकतो, पण इंजिनाला फिरवत असतात ती चाके, त्यांना कोण थांबवणार? व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. अमेरिकेतले हौशी या चुकीला पैशाची शिफ्ट म्हणतात.

काही मॅन्युअल गाड्याही आता टिचकी आपणहून मारतात. २००९ च्या निसान ३७०झेडमध्ये ही सोय आली आणि नंतर इतरांनीही उचलली. ती बंद करण्याचे बटण असते, आणि शिकणाऱ्याने ते आधी शोधावे.

शर्यतीतून रस्त्यावर

पॅडलचा जन्म फॉर्म्युला वनमधला. जॉन बर्नार्ड यांनी आरेखलेली फेरारी ६४० ही १९८९ ची गाडी चाचण्यांत वारंवार बंद पडत होती, पण ब्राझीलमधली मोसमाची पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेल यांनी तिच्यावर जिंकली. तरीही मॅन्युअल लगेच हटली नाही. १९९१ मध्ये आयर्टन सेना यांची मॅक्लारेन एमपी४/६ हाताने गिअर टाकायचीच होती. त्या वर्षी ब्राझीलमधल्या इंटरलागोस ट्रॅकवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, आधी चौथा गिअर गेला, मग एकेक करत बाकीचेही, आणि शेवटच्या फेऱ्या त्यांनी फक्त सहाव्यावर काढल्या. हळू वळणांवर सहाव्या गिअरमध्ये इंजिन बंद पडू न देणे म्हणजे काय, हे ज्याने चढावर चौथ्यात गाडी उचलून पाहिली आहे त्याला कळेल. ते सुमारे तीन सेकंदांनी जिंकले आणि खांद्या-हातांत इतके गोळे आले होते की गाडीतून बाहेर पडायला मदत लागली. त्याच दिवशी पाठलाग करणाऱ्या मॅन्सेल यांच्या विल्यम्सची नवी अर्धस्वयंचलित पेटी दगा देऊन गेली. त्या मोसमाचे जगज्जेतेपद सेना यांनाच मिळाले, आणि मॅन्युअल गाडीने मिळवलेले ते शेवटचे ठरले. दोनच वर्षांनी विल्यम्सने पायऱ्याच नसलेली, पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी तपासून पाहिली. १९९४ पासून नियमांनीच तिला बंदी घातली.

दुहेरी क्लचची वाट वेगळी आहे (ट्रकवाल्याच्या डबल क्लचशी त्याचा संबंध नाही). एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसरा चालू असताना चौथा आधीच गुंतवून ठेवलेला, बदलताना फक्त एक क्लच सुटतो नि दुसरा धरतो. ताकदीचा प्रवाह जवळपास तुटत नाही. पोर्शेने ती १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या गाड्यांत घातली आणि १९८६ मध्ये मोंझाची शर्यत जिंकली. पण तेव्हाची पेटी जड होती आणि तिला आवर घालणारी इलेक्ट्रॉनिक्स कच्ची. कारखान्यातून घाऊक बाहेर पडणारी पहिली दुहेरी क्लचची गाडी पोर्शे नव्हती, तर २००३ ची फोक्सवॅगन गोल्फ आर३२. पोर्शे ९११ ला ती २००८ मध्ये मिळाली. निसान जीटी-आर (२००७), फेरारी ४५८ (२००९) आणि मध्यभागी इंजिन असलेली २०२० ची शेव्हरोले कॉर्व्हेट यांना मॅन्युअलचा पर्याय कधीच मिळाला नाही.

तिसरे यंत्र टॉर्क कन्व्हर्टरचे, म्हणजे तेलाच्या माध्यमातून ताकद देणारे, जुने ऑटोमॅटिक. त्याची आळशी म्हणून टवाळी होई. आठ गिअरांच्या नव्या पिढीत गाडी सुटल्यावर कन्व्हर्टर लॉक होतो आणि तेलातली घसर उरत नाही. बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम५ मध्ये दुहेरी क्लच सोडून हीच पेटी घेतली.

आणि एक गंमत. फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत पॅडल दिले, तेव्हा आत नेहमीचीच मॅन्युअल पेटी होती. क्लच आणि दांडी हायड्रॉलिक्स हलवत. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेली एएमटी तत्त्वाने तीच. सिग्नलवरून निघताना, गिअर बदलताना मान डोलवणारी ती गाडी फेरारीच्या गोत्रातली आहे.

मॅन्युअल परत का आली

२०१३ ची जीटी३ पोर्शेने फक्त पीडीके या दुहेरी क्लच पेटीसह विकायला काढली. ट्रॅकवरची गाडी, ट्रॅकवर वेगवान असेल तीच पेटी. तर्क बिनतोड होता. कंपनीने चालकासाठी दोन्ही पॅडल एकदम ओढली की क्लच सुटेल अशी सोयही ठेवली होती. गिऱ्हाईक मात्र रुसले. २०१६ मध्ये ९११ आर नावाच्या ९९१ गाड्या निघाल्या, सगळ्या मॅन्युअल, आणि जुन्या बाजारात त्या मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकल्या जाऊ लागल्या. २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअल परत मिळाली. त्याहून कडक, ट्रॅकसाठीच्या जीटी३ आरएसला ती अजूनही मिळत नाही, आणि ही विभागणी प्रामाणिक वाटते. मोटारींचे आरेखक गॉर्डन मरी यांच्या टी.५० या गाडीतही तेच: रस्त्यावरच्या १०० गाड्यांना हाताचा सहा-गिअरी बॉक्स, ट्रॅकसाठीच्या २५ टी.५०एस गाड्यांना पॅडल.

मॅन्युअल हवी असणारा माणूस वेळ गमावतो आहे हे त्याला ठाऊक असते. त्याला ती टिचकी हवी असते. दहापैकी सात वेळा जमणारी आणि तीनदा फसणारी गोष्ट त्याला अकराव्या फेरीला खेचते. नवशिक्याने मात्र पहिला दिवस ऑटोमॅटिकवर काढलेला बरा. ब्रेक कुठे दाबायचा, वळणाच्या आतल्या कडेला कुठे टेकायचे, नजर कुठे ठेवायची, हेच डोक्यात मावत नसते. त्यात दांडी कशाला? लांब पल्ल्याच्या शर्यतींत तर प्रश्नच नाही. पहाटे तीन वाजता थकलेल्या हाताने टाकलेला चुकीचा गिअर अख्ख्या संघाला महागात पडतो.

उष्णता आणि भारतातले ट्रॅक

ऑटोमॅटिकचा ट्रॅकवरचा शत्रू उष्णता. ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचना तेलच थंड ठेवते आणि त्या तेलासाठी वेगळा कूलर लागतो. कोरड्या क्लचच्या लहान पेट्या सलग फेऱ्यांत लवकर तापतात. मग संगणक ताकद कमी करतो किंवा गिअर द्यायला कुरकुरतो, आणि चालकाला वाटते आपलेच काही चुकले. मॅन्युअलला हा त्रास कमी. तिथे क्लच प्लेट झिजते ती बहुधा चालकाच्या पायानेच.

भारतात हौशी चालक चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे (२.१ किमी) किंवा ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किमीच्या बुद्ध सर्किटवर जातात. तिथे फेरारीपेक्षा रोजच्या वापरातल्या गाड्याच जास्त. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसला दीड लिटर टर्बो इंजिनासह दुहेरी क्लच आधी मिळाला, सहा गिअरांची मॅन्युअल मागाहून २०२३ मध्ये. ह्युंदाई आय२० एन लाइनही दोन्हींत मिळते. अशा गाड्यांत वेळेतला फरक टायर आणि ब्रेक पॅड यांच्यापुढे नगण्य ठरतो.

फेऱ्या संपवून आलेल्या गाडीला लगेच हँडब्रेक लावत नाहीत. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतात. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकामागे दगड किंवा ठोकळा ठेवतात. ऑटोमॅटिक पार्कवर लावून भागते, पण इंजिन बंद करताच इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आपणहून लागणार नाही ना, हे आधी सेटिंगमध्ये पाहून घ्यावे लागते.