सलाईनमधला ताप: सशापासून माणसाच्या पेशीपर्यंत

बडोद्याचा औषधधंदा जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनातले प्राध्यापक गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये इथे अलेम्बिक हा औषध कारखाना उभारला. शिरेतून द्यायचे औषध कुठल्याही कारखान्यात बनो, एक शंका फिटावीच लागते: ते चढवल्यावर रोग्याला हुडहुडी भरून ताप येईल का?

हा ताप कशाचा, ते १९२३ मध्ये फ्लोरेन्स सायबर्ट यांनी दाखवले. ऊर्ध्वपातित पाण्यात जिवाणूंचे अवशेष उरतात. जिवाणू मेले तरी त्यांच्या कवचातले एण्डोटॉक्सिन हे विष ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, १२१ अंशांना दाद देत नाही. काचेच्या बाटलीवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. त्यामुळे निर्जंतुक औषधानेही ताप भरतो.

१९४२ मध्ये अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या नियमग्रंथात, सशाची चाचणी आली. दीड किलोच्या वरचे तीन ससे घ्यायचे, कानाच्या शिरेत किलोमागे फार तर १० मिली औषध द्यायचे आणि तीन तास गुदद्वारातले तापमान बघायचे. एकाचेही अर्धा अंश चढले तर आणखी पाच ससे. ससा नुसता बिचकला तरी पारा चढतो, म्हणून त्याला आधी सवय करावी लागते. औषधच तापशामक असेल, तर ही चाचणी फसते. इतका मुका जीव राबवून हाती येते ते सशाचे उत्तर, माणसाचे नव्हे.

१९७०च्या दशकात हॉर्सशू खेकड्याच्या रक्ताची एलएएल (लिम्युलस अमीबोसाइट लायसेट) चाचणी रुळली आणि पुष्कळ ससे सुटले. पण तिला फक्त एण्डोटॉक्सिन कळते, आणि रक्त पुन्हा प्राण्याचेच.

१९९५ मध्ये जर्मनीत हार्टुंग आणि वेंडेल यांनी माणसाचे रक्तच वापरले. त्यातून मोनोसाइट (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) ॲक्टिव्हेशन चाचणी घडली: रक्तदात्यांच्या पेशींत औषध मिसळून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचे, सकाळी एलायझा या प्रतिपिंडांच्या चाचणीने इंटरल्यूकिन-६, म्हणजे पेशींनी सोडलेले ताप आणणारे प्रथिन, मोजायचे. २०१० मध्ये युरोपियन फार्माकोपियाने ती घेतली. आपल्याकडे २०२३च्या नियमदुरुस्तीने नव्या औषधांच्या तपासणीसाठी ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव), ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल) अशा पद्धतींनाही दार उघडले.

खरी मेहनत पडताळणीत आहे. दाता बदलला की पेशींचा प्रतिसाद बदलतो, म्हणून अनेकांच्या पेशी एकत्र करतात. सूज उतरवणारे औषध इंटरल्यूकिन दाबून खोटा दिलासा देते. ते पकडायला नमुन्यात ठरावीक एण्डोटॉक्सिन मुद्दाम घालायचे. त्यातले ५० ते २०० टक्के मोजमापात परत यायला हवे. नाही आले, तर औषध आणखी पातळ करून पुन्हा सुरुवात. हे प्रत्येक औषधासाठी वेगळे करावे लागते.