कॅमेऱ्याद्वारे गृहनिगराणी (प्रवासकाळातील)

घर बंद करून प्रवासाला गेल्यावर, घरात व घराबाहेर बसवलेल्या आणि इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांमधून फोनवर घराची खबर ठेवण्याची पद्धत. तिच्यात दोन कामे येतात : मनात येईल तेव्हा घराचे चालू दृश्य पाहणे आणि काही हालचाल झाली तर कॅमेऱ्याने आपण होऊन कळवणे. पूर्वी शेजारी किल्ली देऊन ‘जरा लक्ष असू द्या’ असे सांगितले की काम भागत असे. कॅमेरा आल्यावर ही रीत मागे पडेल असे वाटले होते. ती पडलेली नाही. कॅमेऱ्याला दिसते, सांगताही येते, पण उठून जाता येत नाही.

बोलण्यात अशा सगळ्याच कॅमेऱ्यांना ‘सीसीटीव्ही’ म्हणतात. मुळात सीसीटीव्ही म्हणजे बंद मंडलातील दूरचित्रवाणी : कॅमेऱ्याचे चित्र ठरावीक पडद्यांपर्यंत जाणार, पुढे नाही. घरगुती वायफाय कॅमेरा याच्या नेमका उलट. त्याचे चित्र घराबाहेर पडते, बहुधा उत्पादकाच्या सर्व्हरमार्गे फिरते आणि मग मालकाच्या फोनवर पोहोचते. त्याची सगळी सोय यातच आहे आणि जोखीमही यातच.

इतिहास

दुरून पाहण्याची गरज आधी घरासाठी निर्माण झाली नव्हती. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने बंद मंडलाची यंत्रणा उभारली. घरासाठीचा कॅमेरा मात्र घरात बसून धास्तावलेल्या व्यक्तीने शोधला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका होत्या. त्यांच्या आणि पती अल्बर्ट यांच्या कामाच्या वेळा जुळत नसत, घरी बरेचदा एकटीने राहावे लागे आणि पोलिसांना बोलावले तरी ते वेळेवर येतील याची खात्री नसे. दोघांनी १९६६ मध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला, ते २ डिसेंबर १९६९ रोजी मिळाले (क्र. ३४,८२,०३७). त्यांच्या रचनेत दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे होती, म्हणजे उंच माणूसही दिसावा आणि लहान मूलही. दारामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि बसल्या जागी दाराचे कुलूप उघडणारे बटण. आजच्या डोअरबेल कॅमेऱ्यात चार छिद्रे सोडली तर यातले बहुतेक सगळे आहे. फरक एवढाच की ब्राउन बाई घरात होत्या. आजचा पाहणारा विमानतळावर असतो.

घर आणि पाहणारा यांच्यातले अंतर इंटरनेटने वाढवले, आणि तेही कॉफीपायी. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, कारण जिने उतरून जावे तर भांडे रिकामे. हे १२८ गुणिले १२८ पिक्सेलांचे करडे चित्र १९९३ मध्ये वेबवर आले, जगभरातून लोक ते पाहू लागले आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. ‘दूर कुठेतरी एक वस्तू आहे, ती आता कशी आहे ते इथून पाहावे’ ही प्रवाशाची सगळी गरज त्या भांड्यात होती. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडता येणारा ‘नेटआय २००’ हा कॅमेरा विक्रीला आणला. पुढे स्मार्टफोन सर्वांच्या हाती आले आणि घरगुती कॅमेऱ्याला स्वतंत्र पडद्याची गरज उरली नाही.

चित्र कसे पोहोचते

कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य आहे तसे पाठवणे परवडत नाही, ते एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने दाबून लहान केले जाते. १९२० गुणिले १०८० पिक्सेलांच्या चित्रासाठी सेकंदाला साधारण २ मेगाबिट लागतात असे धरू. चोवीस तासांचे होतात २१.६ गिगाबाइट. म्हणजे १२८ जीबीचे कार्ड सतत रेकॉर्डिंगवर ठेवले तर सहा दिवसही पुरे पडत नाही. त्यानंतर कॅमेरा जुने पुसून त्यावर नवे लिहू लागतो. दोन आठवड्यांनी परतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्याचे काहीच सापडत नाही. म्हणून हालचाल झाली तेवढेच साठवण्याचा पर्याय निवडतात, किंवा वेगळा रेकॉर्डर अथवा क्लाउड (कंपनीच्या सर्व्हरवरची साठवण) घेतात. क्लाउडचा एक मोठा फायदा आहे : चोराने कॅमेरा उपटून नेला तरी तो उपटतानाचे चित्र आधीच घराबाहेर गेलेले असते. त्याची वर्गणी सहलीच्या मधोमध संपते आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे.

चित्र बाहेर जाते ते अपलोडने. घरच्या इंटरनेटची जाहिरात डाउनलोडच्या वेगाची असते, आणि अनेक जोडण्यांत अपलोड त्याहून फार कमी असतो. चार कॅमेरे एकदम चित्र पाठवू लागले तर वरच्या हिशेबाने सेकंदाला ८ मेगाबिट लागतील. चित्र अडकत येते तेव्हा दोष कॅमेऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा तो इथे असतो.

आणि या साखळीची सर्वांत कच्ची कडी म्हणजे वीज. गावाला जाताना मेन स्विच पाडून निघण्याची सवय पुष्कळांना असते. कॅमेरा घेतल्यावरही ती हात सोडत नाही आणि स्टेशनवर पोहोचेपर्यंत ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसू लागते. बॅटरीवरचा कॅमेरा अशा वेळी जिवंत राहतो, पण राऊटर मेला तर तो कुणाशी बोलणार? राऊटर आणि निदान एक कॅमेरा छोट्या यूपीएसवर ठेवणे हा दुसरा कॅमेरा घेण्यापेक्षा शहाणपणाचा खर्च आहे.

हालचाल ओळखणे व रात्रीची दृष्टी

हालचाल दोन प्रकारे ओळखली जाते. एकात लागोपाठच्या चित्रांची तुलना होते आणि पुरेसे पिक्सेल बदलले की सूचना जाते. यात खिडकीचा पडदा, ढगाची सावली, वळणाऱ्या गाडीचा दिवा, सगळेच ‘हालचाल’ ठरते. दुसऱ्या प्रकारात शरीराची उष्णता टिपणारा पीआयआर संवेदक असतो. बॅटरीवरचे कॅमेरे बहुधा त्याच्यावर अवलंबून राहून एरवी झोपलेले असतात. हा संवेदक समोरून आडवा जाणारा माणूस चटकन पकडतो, पण थेट त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. म्हणून दाराच्या अगदी समोर लावण्याऐवजी तो बाजूने, वाट आडवी कापली जाईल असा लावतात. नव्या कॅमेऱ्यांतले सॉफ्टवेअर माणूस, प्राणी व वाहन यांत फरक करते आणि बऱ्यापैकी करते. मांजरीपायी जागरण करण्याचे दिवस त्यामुळे कमी झाले आहेत.

अंधार पडला की कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. दिवसा अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा) प्रकाश अडवणारी भिंगामागची गाळणी बाजूला सरकल्याचा तो आवाज. मग भोवतीचे अवरक्त दिवे लागतात आणि चित्र कृष्णधवल होते. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. या दिव्यांचा सर्वांत मोठा शत्रू चोर नव्हे, कोळी आहे. भिंगापासून दोन बोटांवर विणलेला धागा डोळ्याला दिसतही नाही; अवरक्त प्रकाशात मात्र तो पांढऱ्या दोरखंडासारखा चमकतो आणि वाऱ्याने हलला की कॅमेऱ्याला वाटते कुणीतरी आले. रात्रभर दर पाच मिनिटांनी सूचना येत राहते, दूरदेशी असलेला मालक वैतागून सूचना बंद करतो, आणि पुढे खरोखरच कुणी आले तर ते कळत नाही. निघण्याच्या दिवशी भिंग आणि त्याची कडा कोरड्या फडक्याने पुसणे हा यावरचा साधा उपाय. दिवा कॅमेऱ्यापासून दूर, वेगळा लावणे हा पक्का.

काचेचीही अशीच गंमत. खिडकीच्या आत ठेवून बाहेर रोखलेला कॅमेरा दिवसा उत्तम चालतो. रात्री त्याचाच अवरक्त प्रकाश काचेवरून परत येतो आणि चित्र पांढरेफटक होते. पीआयआर संवेदक तर दिवसाही निरुपयोगी, कारण शरीराची उष्णता, म्हणजे दहा मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण, साध्या काचेतून आत येतच नाहीत.

कुठे लावावा

‘किती मेगापिक्सेल’ यापेक्षा ‘किती रुंदीवर’ हा प्रश्न मोलाचा. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची निःशंक ओळख पटण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. माहितीतला माणूस ओळखण्यासाठी १२५ पुरतात. म्हणजे अनोळखी माणूस ओळखायचा तर १९२० पिक्सेल रुंद चित्रात जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचे दृश्य मावले पाहिजे. ११० अंशांचे रुंद भिंग असेल तर ही मर्यादा कॅमेऱ्यापासून सुमारे २.७ मीटरवर संपते. फाटकापाशी उभा असलेला माणूस ‘दिसतो’, पण ‘कोण’ ते सांगता येत नाही. सगळे अंगण एका कॅमेऱ्यात बसवण्याच्या हौसेपोटी चेहरा गमावला जातो. कॅमेरा फार उंच चढवला की टोप्या आणि टकलेच तेवढी टिपली जातात.

प्रवाशाला घरातला कॅमेरा चोरापेक्षा पाण्याच्या कामी जास्त येतो, असे म्हणायला हरकत नाही. वॉशिंग मशीनची नळी निसटणे, छत गळणे, फ्रीज बंद पडून खाली ओल येणे या गोष्टी घरफोडीपेक्षा सामान्य आहेत आणि त्या लवकर कळल्या तर नुकसान थांबते. फरशीचा भाग आणि फ्रीजचा पाय दिसेल असा एक कॅमेरा म्हणून फार उपयोगी. एक जुनी युक्ती : चौकटीत सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ येऊ द्यावे. काटा फिरत असेल तर चित्र ताजे. थांबला असेल तर चित्र गोठले आहे (किंवा घड्याळाचा सेल संपला आहे, तेवढी शंका राहतेच).

निघण्यापूर्वी आणि वाटेत

कॅमेऱ्याची परीक्षा घरात उभे राहून घेण्यात अर्थ नाही, कारण फोन आणि कॅमेरा तेव्हा एकाच वायफायवर असतात. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर चित्र येते का ते पाहावे. कॅमेऱ्याचे अपडेट आठवडाभर आधी उरकावेत. विमानतळावरून केलेले अपडेट मध्येच अडकले, तर कॅमेरा उठवायला घरी कुणी नसते.

परदेशी जाताना एक अडचण हमखास येते. तिकडचे सिम घातले जाते, ॲप अनोळखी ठिकाणाहून केलेले लॉगिन पाहून ओटीपी मागते, आणि तो ओटीपी खिशातल्या डबीत ठेवलेल्या जुन्या सिमवर येतो. निघण्यापूर्वी ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (सिमशिवाय फोनमध्येच संकेत तयार करणारे) जोडून घ्यावे किंवा राखीव संकेत कागदावर लिहून घ्यावेत. वेळेचाही घोळ होतो : चित्रावर घरची वेळ छापलेली असते आणि सूचनेवर बहुधा फोनची, मग दुपारी दोनला आलेला माणूस रात्री दोनला आल्यासारखा वाटून छातीत धस्स होते.

जोखीम व मर्यादा

ऑगस्ट २०१६ पासून ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने इंटरनेटवरचे लाखो कॅमेरे व रेकॉर्डर काबीज केले. तिची हातचलाखी फार मोठी नव्हती. कारखान्यातून येणारी साठेक वापरनावे व पासवर्ड ती एकामागून एक लावून पाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या कॅमेऱ्यांनी मिळून संकेतस्थळांची नावे त्यांच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. मालकांना पत्ता नव्हता. त्यांच्या घरचा पहारेकरी रात्रीचा दरोड्याला जात होता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच ठरीव पासवर्ड असलेली अशी उपकरणे विकण्यास बंदी घातली. पण चांगला पासवर्डही सगळीकडे पुरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ कंपनीची सेवा बंद पडून पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची लघुचित्रे दिसली. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा न लावणे हाच यावर खरा इलाज, आणि तो फुकट आहे.

वायफायचे तरंग जॅमरने दाबता येतात. केवळ क्लाउडवर विसंबलेला कॅमेरा तेव्हा आंधळा नसतो, पण मुका होतो; आत कार्ड असेल तर निदान नोंद राहते. तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याला हा त्रास नाही.

दुसऱ्यांचे हक्कही यात गुंततात. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये एका चेक प्रकरणात निकाल दिला की घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा सार्वजनिक वाट टिपत असेल तर तो ‘निव्वळ घरगुती बाब’ राहत नाही. विदा (डेटा) संरक्षणाचे नियम त्याला लागू होतात. शेजाऱ्याची खिडकी दिसत असेल तर ॲपमधील झाकणपट्टीने तो भाग काळा करता येतो. आवाजाचे रेकॉर्डिंग अनेक देशांत चित्रापेक्षा कडक नियमांखाली येते. झाडांना पाणी घालायला येणाऱ्याला कॅमेरा आहे हे आधी सांगितलेले बरे. नाहीतर तोच ‘अनोळखी व्यक्ती’ म्हणून फोनवर झळकतो आणि त्याला ते मागाहून कळते.

सूचना खरी निघाली तर प्रथम ती चित्रफीत फोनवर उतरवून घ्यावी, मग किल्ली असलेल्या शेजाऱ्याला फोन करून आत न जाण्यास सांगावे आणि पोलिसांना कळवावे. इथे एक बारीक गोम आहे. परदेशातून आपत्कालीन क्रमांक फिरवला की तो जिथे आपण आहोत तिथल्याच यंत्रणेला लागतो, घराजवळच्या नव्हे. म्हणून घराजवळच्या पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक, देशाच्या संकेतांकासह, शेजाऱ्याच्या क्रमांकाखाली फोनमध्ये लिहून ठेवावा लागतो.