रेषेची कोणती बाजू?

खिशात १०० रुपये आहेत. वडापाव २० रुपयांना, चहा १० रुपयांना. वडापाव क्ष आणि चहा य घेतले, तर २०क्ष + १०य ≤ १००, म्हणजेच २क्ष + य ≤ १० (≤ म्हणजे ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’). अशा मांडणीला असमीकरण म्हणतात. सगळे पैसे संपवायचेच असते तर हे साधं समीकरण झालं असतं. आलेख कागदावर (५, ०) आणि (०, १०) हे बिंदू जोडले की काम संपलं. पण पैसे उरलेले चालणार असतील तर त्या रेषेखालचा, दोन्ही अक्षांपर्यंतचा अख्खा त्रिकोण उत्तरात येतो. अर्धा वडापाव कोणी देत नाही, म्हणून पूर्ण संख्यांचे बिंदूच मोजायचे. ते ३६ भरतात. त्यातला एक (०, ०), म्हणजे काहीच न खाता घरी जाणं. गणिताला तोही चालतो.

रेषा काढल्यावर रंगवायची कोणती बाजू? शाळेत सांगतात, (०, ०) घालून बघा. ० ≤ १० हे खरं आहे, मग आरंभबिंदूची बाजू रंगवा. एका बिंदूवरून सगळ्या बाजूचा निकाल कसा लागतो, हे मात्र बहुतेकदा राहूनच जातं. पेन्सिलीचं टोक आरंभबिंदूवर टेकवा आणि न उचलता कागदावर फिरवा. २क्ष + य ची किंमत सलग बदलत जाते, मध्ये उडी मारत नाही. ती १० च्या पुढे जायची तर वाटेत कुठेतरी नेमकी १० व्हायलाच हवी, आणि ती १० होते फक्त रेषेवर. म्हणून रेषा ओलांडल्याशिवाय निकाल पालटत नाही. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल तर रेषेबाहेरचा दुसरा कुठलाही बिंदू घ्यावा. चिन्ह नुसतं < असेल तर रेषा स्वतः उत्तरात नसते, म्हणून ती तुटक काढायची.

मार्क जातात ते बहुधा आलेखाच्या आधीच. −२क्ष < ६ ला −२ ने भागलं की क्ष > −३ होतं, चिन्ह उलटतं. हा नियम पाठ करायची गरज नाही. ३ ही संख्या ५ पेक्षा लहान. दोघींना −१ ने गुणलं की दोघी शून्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर जातात. जी उजवीकडे जास्त लांब होती ती आता डावीकडे जास्त लांब, म्हणून −३ > −५. क्ष ऋण आहे की धन हे माहीत नसताना दोन्ही बाजूंना क्ष ने गुणणं याच कारणाने धोक्याचं.

< आणि > ही चिन्हं पहिल्यांदा छापली गेली १६३१ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस हॅरियटच्या पुस्तकात. तोवर त्याला जाऊन १० वर्षं झाली होती. पण असमीकरणांचा खरा दबदबा विसाव्या शतकातला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलरने १९४५ मध्ये एक प्रश्न मांडला: ७७ खाद्यपदार्थांमधून ९ पोषक घटकांची गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता? प्रत्येक घटकासाठी ‘किमान एवढा हवाच’ असं एक असमीकरण. आपल्या त्रिकोणाला २ मिती होत्या, इथे ७७. असा आलेख कागदावर निघत नाही. स्टिगलरने पर्याय गाळत, थोडा अंदाज लावत, १९३९ च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलरचं उत्तर काढलं. गव्हाचं पीठ, कोबी, पालक, सुके घेवडे असा एकूण बेचव बेत होता.

१९४७ मध्ये अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगने असे प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत शोधली. खर्चाचं सूत्रही रेषीय असेल, तर सर्वांत स्वस्त उत्तर असमीकरणांनी आखलेल्या प्रदेशाच्या (आपल्या त्रिकोणासारख्या) एखाद्या कोपऱ्यावर सापडतंच. मग आतले असंख्य बिंदू सोडून द्यायचे आणि स्वस्त होत जाईल तसं एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर जायचं. स्टिगलरचा आहार या पद्धतीने पुन्हा सोडवायला टेबलावरच्या गणनयंत्रांवर एका माणसाचे १२० दिवस भरतील एवढं काम लागलं. उत्तर आलं ३९.६९ डॉलर. स्टिगलरचा अंदाज वर्षाला फक्त २४ सेंटने चुकला होता.