भारतीय जास्त खातात म्हणून जगात धान्य महागलं?

मे २००८ मधे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश म्हणाले की भारतातला मध्यमवर्ग सुधारला, चांगलंचुंगलं खायला मागतो, म्हणून भाव चढतात, आणि तेव्हापासून हे वाक्य फिरतंच आहे, आपलेच लोक फॉरवर्ड करतात याचं जास्त वाईट वाटतं.

आकडे बघा ना. तेव्हा अमेरिकेत माणशी वर्षाला हजार किलोच्या वर धान्य लागायचं, आपल्याकडे दोनशेच्या आत. आता एवढं धान्य कोणी ताटात घेऊन खात नाही, ते जातं गुरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात आणि गाड्यांच्या टाकीत. अमेरिकेच्या २००७-०८ च्या मक्यातला जवळपास पाव हिस्सा इथेनॉलला गेला, पुढे तो ४० टक्क्यांच्या आसपास पोचला. त्यातला काही मका नेब्रास्का-कॅन्सस या राज्यांमधे ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यावर पिकतो, आणि पश्चिम कॅन्ससमधे पाणी इतकं खाली गेलंय की काही विहिरी सोडून द्याव्या लागल्या, कारण पावसाने तिथे भरपाई अगदी हळू होते.

हो, २००८ मधे आपण बिगर-बासमती तांदळाची निर्यात बंद केली, त्याने जगात तांदूळ भडकला हे खरंय. पण ती सरकारने घातलेली बंदी होती, आपण अचानक दुप्पट भात खायला लागलो नव्हतो.