सार्वजनिक पायवाट (इंग्लंड)

खाजगी मालकीच्या शेतातून, कुरणातून, रानातून, कधी कधी तर चक्क कुणाच्या परसातून जाणारी, पण जिच्यावरून चालण्याचा हक्क कोणालाही आहे अशी वाट. जमीन मालकाची, चाल सर्वांची. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. त्यात घोडेस्वारांच्या वाटाही धरलेल्या आहेत, पण बहुतेक लांबी पायवाटांचीच. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.) खेड्याभोवतीचे फिरणे म्हणजे बहुधा याच वाटा एकमेकींना जोडून घातलेला वळसा: चढ बेताचा, वेळ दोन-तीन तास, आणि निघालो तिथेच परत. सह्याद्रीत गडकिल्ले चढायची सवय असलेल्याला हे मिळमिळीत वाटेल. इथली गंमत परक्याच्या शेतातून बिनदिक्कत जाता येण्यात आहे.

या वाटा मजेसाठी कोणी आखलेल्या नाहीत. शेतमजूर कामाला जायचे, बायामाणसे रविवारी चर्चला, पोरे शाळेला, धान्याची पोती गिरणीला. ज्या वस्तीला स्वतःचे दफनस्थान नव्हते तिथून शवपेटी खांद्यावर घेऊन लोक मूळ चर्चपर्यंत कोसच्या कोस चालत. त्या वाटांना आजही काही ठिकाणी शवपेटीच्या वाटा म्हणतात. म्हणूनच पायवाट बहुधा चर्चच्या फाटकापाशी किंवा जुन्या गिरणीपाशी निघते, आणि नकाशावर तिच्या रेघेला वरवर काही तर्क दिसत नाही.

चालता चालता हक्क बनण्याला मराठीत नेमका शब्द आहे, वहिवाट. १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार लोक एखाद्या वाटेवरून सलग २० वर्षे हक्काने चालत आले, तर ती सार्वजनिक वाट म्हणून दिलेली आहे असे धरले जाते. ‘हक्काने’ म्हणजे दांडगाई करून नव्हे, लपूनछपून नव्हे आणि परवानगी मागूनही नव्हे. शेवटची अट मजेशीर आहे. मालकाने ‘खुशाल जा’ अशी पाटी लावली की चालणाऱ्यांचा हक्क बनत नाही, कारण मग ते त्याच्या मर्जीने चालतात. त्यामुळे दिलदार दिसणाऱ्या काही पाट्या वकिलाच्या सल्ल्याने लागलेल्या असतात. आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातही इंग्रजी कायद्याच्याच धर्तीवर २० वर्षांची मुदत आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेतकरी बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे जातो. पण तो हक्क शेतात पोचण्यासाठी. उगाच फिरायला निघालेल्या माणसाला दुसऱ्याच्या शिवारातून जाण्याचा हक्क आपल्याकडची पाणंद देत नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने हजारो कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी कुंपणात घातल्या. त्या काळात कित्येक वाटा बंद झाल्या, काही वळवल्या गेल्या. उरलेल्या टिकवण्यासाठी आणि मोकळ्या जागा वाचवण्यासाठी १८६५ साली एक संस्था निघाली. पायी फिरणाऱ्यांची देशव्यापी संघटना रॅम्बलर्स १९३५ ची. त्याआधी २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण कामगार डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या माळावर मुद्दाम घुसले. तो माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. खरे तर त्यांचे भांडण वाटांपेक्षा उघड्या माळांसाठी होते, पण पुढे दोन्ही मागण्या एकत्रच चालत राहिल्या. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने आली आणि प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या वाटांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरले. त्या नकाशावर वाट आहे, म्हणजे ती आहे. कोर्टातही तोच पुरावा. माळांवर, डोंगरांवर मोकळे फिरण्याचा हक्क मिळायला मात्र २००० साल उजाडले. त्या सालच्या कायद्याने नोंद राहून गेलेल्या जुन्या वाटा नकाशावर आणण्यासाठी २०२६ ची मुदत घातली होती. जुने दस्त धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींची त्यामुळे धांदल उडाली. पुढे ती मुदत २०३१ वर गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्दच करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला.

वाटेवरच्या खुणा सोप्या आहेत. खांबावर पिवळा बाण असेल तर फक्त पायी. निळा असेल तर घोडा आणि सायकलही. जांभळ्या बाणाच्या वाटेवर टांगा चालतो, मोटार नाही. लाल बाणाच्या वाटेवर सगळेच. कुंपण आले की ते ओलांडायला लाकडी किंवा दगडी पायऱ्या असतात, किंवा ‘किसिंग गेट’ असते. हे फाटक अर्धगोल कठड्यात झुलते. आपण आत शिरून कोपऱ्यात अंग चोरायचे, फाटक आपल्यापुढून पलीकडे ढकलायचे आणि मोकळ्या झालेल्या फटीतून बाहेर पडायचे. गाईला हे जमत नाही. फाटक दोन्ही बाजूंना नुसते टेकते म्हणून हे नाव. पलीकडच्याने वाट सोडण्याआधी मुका मागण्याची थट्टा नंतरची. पाठीवर मोठी पिशवी असली की मात्र माणसाचीही गाय होते.

नमुना म्हणून ग्लॉस्टरशरमधल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांतली एक वाट घेऊ. १९६६ पासून निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित असलेल्या या मुलखात घरे, चर्च आणि कुंपणे एकाच मधाळ रंगाच्या चुनखडीची. शेतांच्या कडेची भिंत म्हणजे आपला कोकणातला गडगाच: चुना नाही, माती नाही, दगडावर दगड, फक्त जांभ्याऐवजी चपट्या चिपा, आणि माथ्यावर उभ्या दगडांची ओळ. बोर्टन-ऑन-द-वॉटर या गर्दीच्या गावातून निघाले की थोड्याच वेळात एक मोटाररस्ता ओलांडावा लागतो. तो इतका सरळसोट, कारण तो मुळात रोमनांचा फॉस वे नावाचा रस्ता आहे. पलीकडच्या कुरणांतून वाट लोअर स्लॉटरला पोचते. स्लॉटर म्हणजे कत्तल असे वाटून दचकायला होते, पण हे नाव चिखलाची, दलदलीची जागा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आल्याचे बहुतेक मानतात. गावाच्या मधून आय नावाची नदी वाहते. नदी म्हणायचे ते नकाशापुरते. घोटाभर पाणी, दगडी फरशांचे ठेंगणे पूल आणि बदके. टोकाला पाणचक्कीची गिरणी. इथल्या गिरणीची नोंद १०८६ च्या डूम्सडे खानेसुमारीत आहे. आजची इमारत एकोणिसाव्या शतकातली, आणि तिचे विटांचे लाल धुराडे सगळ्या मधाळ दगडांत एकटेच विजोड दिसते. तिथून मैलभरात अपर स्लॉटर. या गावातून दोन्ही महायुद्धांत गेलेले सगळे जिवंत परतले. प्रत्येक इंग्रज खेड्यात दिसणारा मृत सैनिकांचा स्मारकस्तंभ म्हणूनच इथे नाही. परत आलेल्यांच्या नावांची पाटी गावच्या सभागृहात आहे. बोर्टनपासून इथवर चारेक किलोमीटर होतात.

शेतकऱ्याला हे सगळे सोसावे लागते, हे विसरून चालत नाही. वाट शेताच्या मधून जात असेल तर त्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा जमीन मोडल्यापासून १४ दिवसांत ती किमान मीटरभर रुंद आणि चालण्याजोगी करून द्यावी लागते. बांधाकडेची वाट नांगरताच येत नाही. वळूंचे नियम तर जातवार आहेत: फ्रीजियन, जर्सी अशा दुधाळ जातींचा दहा महिन्यांवरचा वळू वाट असलेल्या कुरणात सोडायला मनाई, मांसासाठी पाळलेल्या जातींचा सोबत गाई असतील तर चालतो. प्रत्यक्षात धोका वळूपेक्षा वासरू पायाशी असलेल्या गाईचा जास्त, आणि तिचा राग माणसापेक्षा त्याच्या कुत्र्यावर. गाई अंगावर आल्या तर कुत्र्याची साखळी सोडून द्या, असा सरकारी आचारसंहितेचाच सल्ला आहे. फाटक जसे सापडले तसे ठेवायचे, उघडे तर उघडे, ही त्याच संहितेतली जुनी सूचना. २००१ साली लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आली तेव्हा देशभरच्या वाटा बंद केल्या गेल्या. या वाटांवर किती खाणावळी, पब आणि मुक्कामाची घरे जगतात, हे धंदा बसल्यावर सगळ्यांच्या लक्षात आले.

चालणाऱ्याच्या खिशात पूर्वी हमखास ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा नारिंगी वेष्टनाचा नकाशा असे. त्यावर चार सेंटिमीटरला एक किलोमीटर आणि हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेघांनी. आता मोबाइल आहे, पण दरीत रेंज जाते तेव्हा कागदच कामी येतो. एप्रिलअखेर ते मे हा उत्तम काळ: रानात ब्लूबेलचा निळा गालिचा, शेतांत मोहरीच्या जातीतल्या रेपचे पिवळे पीक. जूनमध्ये उजेड रात्री नऊनंतरही असतो, पण वाटेच्या दोन्ही कडांनी नेटल माजते, आणि आखूड चड्डीतल्याला खाजकुइलीची आठवण येते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळाभर फाटकांपाशी, जिथे गुरांचे आणि माणसांचे पाय एकाच जागी पडतात, घोट्यापर्यंत चिखल असतो. म्हणून खेड्यातल्या पबच्या दाराशी बुटांची रांग दिसते आणि आत माणसे मोज्यांवर बसलेली.