वैद्यकीय अध्यापकांची पदोन्नती : शोधनिबंधांची अट

वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाला सहयोगी प्राध्यापक आणि पुढे प्राध्यापक होण्यासाठी अध्यापनाच्या अनुभवाखेरीज ठरावीक शोधनिबंध प्रसिद्ध करावे लागतात; हीच ती शोधनिबंधांची अट. नियम केंद्रीय असल्याने मुंबईत शासनाचे ग्रँट महाविद्यालय (स्थापना 1845) आणि महापालिकेची केईएम, नायर व सायन येथील महाविद्यालये यांना तो सारखाच लागू आहे.

अटीच्या उगमाबद्दल दोन मते दिसतात. वैद्यकीय शिक्षणाचे तेव्हा नियमन करणाऱ्या भारतीय वैद्यक परिषदेच्या 1998 च्या शिक्षक-अर्हता विनियमांत प्रपाठकासाठी (म्हणजे सहयोगी प्राध्यापकासाठी) दोन व प्राध्यापकासाठी चार निबंध सांगितले होते, म्हणून काही जण उगम तेथे मानतात. मात्र तो उल्लेख ‘इष्ट’ या सदरातला होता. साधारण 2009 च्या दुरुस्तीनंतर निबंधांवाचून बढती अडू लागली. सक्तीची सुरुवात तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

आकडा पुढेही बहुधा दोन आणि चार असाच राहिला. वाद झाला तो कोणता निबंध मोजायचा आणि कोणाच्या नावावर, यावर. सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकाने केवळ मूळ संशोधनपर निबंध ग्राह्य धरले, श्रेय पहिल्या दोन लेखकांपुरते ठेवले आणि फक्त ऑनलाइन निघणारी नियतकालिके वगळली. नियतकालिकांच्या मान्य सूचींत मात्र पबमेड, स्कोपस यांच्या पंगतीला इंडेक्स कोपर्निकस बसवला. या पोलिश सूचीत पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके सहज शिरत असल्याने तिच्यावरची टीका रास्तच होती. 2016 मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी संयुक्त संपादकीय लिहून या निकषांचा फेरविचार मागितला. लेखकांत केईएमच्या अध्यापिकाही होत्या.

लेखकक्रमाचा प्रश्न प्रत्यक्ष कामात सर्वांत बोचतो. क्षयरोगावरच्या एका अभ्यासात मेडिसिनचे डॉक्टर रुग्ण तपासतात, मायक्रोबायोलॉजीत थुंकीतले जंतू वाढवण्याचे कल्चर आठवडेच्या आठवडे सांभाळले जाते, रेडिओलॉजीत छातीचे फोटो वाचले जातात. पहिले नाव एमडीच्या विद्यार्थ्याचे, दुसरे गाईडचे. कल्चर सांभाळणाऱ्याचे तिसरे, म्हणजे 2015 च्या नियमाने बढतीच्या हिशेबात शून्य. अशाने विभागांनी एकत्र येऊन संशोधन करण्याची उमेदच खचत होती. 2017 मध्ये निकष ‘पहिला किंवा करस्पाँडिंग ऑथर’ (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असा झाला. फेब्रुवारी 2020 च्या दुरुस्तीने पहिले तीन लेखक किंवा करस्पाँडिंग ऑथर यांना मान्यता दिली, मेटा-ॲनालिसिस व सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण व आढावा) आणि केस सिरीज (अनेक रुग्णांची एकत्र नोंद) मोजायला घेतल्या, इंडेक्स कोपर्निकस वगळला आणि जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम बंधनकारक केला. एकट्या रुग्णाचा केस रिपोर्ट तेव्हाही बाहेरच राहिला. ओपीडीच्या गर्दीत दुर्मीळ आजार ओळखणाऱ्या अध्यापकावर हा अन्यायच आहे.

परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2022 चे विनियम बव्हंशी याच वळणाचे होते. 2025 च्या विनियमांनी 220 वा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांतील अनुभवी तज्ज्ञांनाही अध्यापनाची वाट मोकळी केली.

मुंबईपुरते पाहता, शहरातील संशोधनलेखन या सक्तीतून जन्मलेले नाही. केईएमच्या स्टाफ सोसायटीचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ 1955 पासून निघते, म्हणजे अट बंधनकारक होण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधीपासून; अध्यापक तेव्हा बढतीसाठी लिहीत नव्हते. वैद्यकीय प्रकाशनातील मेडनो ही संस्थाही मुंबईतच वाढली व 2011 मध्ये वॉल्टर्स क्लुवर या परदेशी प्रकाशनसंस्थेकडे गेली.