गरम ग्रह वेगळा, कोरडा ग्रह वेगळा

वाळवंटी ग्रहावर कथा लिहायची ठरली की बरेच जण सगळ्यात आधी ग्रह उचलून ताऱ्याच्या जवळ ठेवतात, म्हणजे ऊन वाढेल, पाणी आटेल, वाळू उरेल. खरा घोळ इथेच होतो. गरम असणं आणि कोरडं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुंबईत मे महिना काढलेल्या माणसाला हे लगेच पटावं. इथे पारा ३३-३४ वर, नागपूरला ४४-४५, पण कूलर चालतो तो नागपूरला, कारण तिथल्या कोरड्या हवेत कूलरच्या गवतावरचं पाणी झरझर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. तोच कूलर दादरच्या खोलीत लावून बघा, हवा आधीच वाफेने भरलेली, पाणी फारसं उडत नाही आणि खोली अजून चिकट होते.

आता हेच ग्रहाला लावा. पृथ्वीसारखा समुद्र असलेला ग्रह ताऱ्याजवळ नेला तर त्याचं वाळवंट होत नाही, आधी तो भयंकर दमट होतो. तापमान १ अंशाने वाढलं की हवेत साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, वाफ स्वतःच उष्णता अडवते, म्हणून अजून गरम, म्हणून अजून वाफ, आणि एका मर्यादेपलीकडे हे चक्र थांबतच नाही, सगळा समुद्र वाफ होऊन जातो. शुक्राचं असंच झालं असावं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात, आज तिथे जमिनीवर ४६० अंशांच्या वर तापमान आहे, शिसंसुद्धा वितळेल. तिथे उंटांचे तांडे वगैरे काही जमणार नाही.

कोरड्या ग्रहाचं तसं नाही, तिथे पाणी मुळातच कमी. आणि हे अगदी शक्य आहे बरं का, पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली असला तरी ते सगळे समुद्र मिळून पृथ्वीच्या वस्तुमानाच्या जेमतेम ०.०२ टक्के भरतात, ग्रह घडताना थोडं कमी-जास्त झालं की समुद्र नाहीच. मला सगळ्यात भारी वाटतं ते २०११ मधलं जपानी शास्त्रज्ञ युताका आबे आणि सहकाऱ्यांचं काम. त्यांच्या मॉडेलमध्ये समुद्रवाला ग्रह पृथ्वीच्या साधारण ११० टक्के उन्हातच हाताबाहेर गेला, पण कोरडा ग्रह १७० टक्क्यांपर्यंत टिकला! कारण विषुववृत्तावर हवा कोरडी, उष्णता अडवायला वाफ नाही, ती सरळ अवकाशात निघून जाते, आणि जे काही थोडं पाणी आहे ते ध्रुवांकडे जाऊन साठतं. म्हणजे ग्रह वाचतो तो कोरडेपणामुळेच. ऊन कमी असलं तरीही तो समुद्रवाल्या ग्रहापेक्षा उशिरा गोठतो.

आणि कोरडं म्हणजे उन्हाळाच असंही नाही, जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट अंटार्क्टिका आहे.

ग्रह कोरडा ठरवलात की पुढच्या काही गोष्टी आपोआप येतात. एक म्हणजे दिवस-रात्रीतला फरक. मुंबईत मे महिन्यात तो ६-७ अंशांचा, कारण शेजारी समुद्र आणि हवेत वाफ, तुमच्या ग्रहावर दोन्ही नाही, म्हणून भर दुपारी होरपळणारी माणसं पहाटे कुडकुडताना दाखवा. मग धूळ. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात हवा धुऊन निघते, तिथे धुणार कोण? मंगळावर २०१८ मध्ये धुळीच्या वादळाने अख्खा ग्रह झाकला आणि तिथे फिरणारं नासाचं ऑपॉर्च्युनिटी रोव्हर त्यात कायमचं बंद पडलं.

सहसा कुणी विचारात घेत नाही तो मुद्दा कार्बन डायऑक्साइडचा. ज्वालामुखी तो सोडत राहतात आणि पृथ्वीवर पावसाचं पाणी तो खडकांत हळूहळू मुरवतं, पाऊसच नसेल तर तो हवेत साठत जाईल आणि लाखो वर्षांत तुमचा नीट बेतलेला ग्रह तापत जाईल. त्यामुळे एकतर ज्वालामुखी थंडावलेले दाखवा, नाहीतर ध्रुवांजवळ थोडा तरी पाऊस पाडा. मी पाऊसच पाडेन, कारण मग वस्त्या, शेती आणि भांडणं सगळं तिथेच जमतं. नकाशात नद्या काढताना त्या ध्रुवाकडून निघू द्या आणि समुद्राला मिळवू नका, आपली लुणी नदी अजमेरजवळ उगम पावून कच्छच्या रणात जिरते तशा त्या विषुववृत्ताकडे जाता जाता मिठाच्या मैदानात संपल्या पाहिजेत.